तीन पायऱ्या, अठरा फूट

नागपूरच्या लकडगंजात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत आरागिरणीचा आवाज आणि नाकात ओल्या लाकडाच्या भुशाचा वास कायमचा मुरलेला असतो. माझे वडील तेथील एका वखारीत मुनीम होते. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ होऊन दोन्ही पाय निकामी झाल्यामुळे, शाळा सुटल्यानंतर इतर मुली जेव्हा खेळावयास जात, तेव्हा मी चाकांच्या खुर्चीत वडिलांच्या पेढीशेजारी बसून फळ्यांच्या थप्प्या, गाड्यांची आवक-जावक आणि घनफुटांचे हिशेब पाहत असे. त्या वखारीचे माझ्या शिक्षणावर केवढे ऋण आहे, हे आजवर कोठे लिहिले गेले नाही.

मी महाविद्यालयात गेले ते १९९६ च्या जूनमध्ये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अपंग व्यक्तींविषयीचा १९९५ चा कायदा अंमलात आला होता. सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांनी निदान तीन टक्के जागा अपंगांसाठी राखाव्यात, असे त्यात फर्मावले होते. परंतु सार्वजनिक इमारतींना उतार बांधण्याच्या कलमास आर्थिक कुवतीच्या मर्यादेची अट जोडलेली होती, आणि त्या अटीच्या आडोशाने कोणत्याही संस्थेस हात बांधून स्वस्थ बसता येत होते. जागा मिळाली, पण त्या जागेपर्यंत पोचावयाचे कसे, याची तजवीज कोणी केली नव्हती.

आमच्या महाविद्यालयाच्या दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या होत्या आणि वर्ग वरच्या मजल्यावर भरत. शिपाई आणि वर्गमित्र मला खुर्चीसकट उचलून नेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही निखळ कृतज्ञता आहे. तथापि ज्या माणसास प्रत्येक उंबरठ्यावर कोणीतरी उचलावे लागते, त्याचा दिवस त्याच्या स्वाधीन राहत नाही. ग्रंथालय सायंकाळी उशिरापर्यंत उघडे असे, पण शिपाई पाच वाजता घरी जात, म्हणून माझे वाचनही पाच वाजता संपे. प्रसाधनगृह दोन पायऱ्या उतरून, आणि त्याचे दार इतके अरुंद की खुर्ची आत शिरत नसे. तेव्हा सकाळपासून पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नाही, हा नियम मी आपणहून लावून घेतला. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा नागपूरच्या कोणत्या उन्हात होतात, हे वैदर्भीय वाचकांस सांगावयास नको. तिसऱ्या तासाला जीभ टाळूला चिकटे, डोळ्यांपुढे अक्षरे हलू लागत, आणि मला येत असलेली उत्तरेही मी आखडती घेत असे. माझ्या अंध मैत्रिणीची अडचण निराळी होती. तिला लेखनिक मिळे, पण ऐनवेळी. आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ताशी किमान वीस मिनिटांचा जादा वेळ २०१३ साली ठरवून दिला, तोवर तिची पदवी होऊन वर्षे लोटली होती.

उतारासाठी मी रीतसर अर्ज दिला. निधी उपलब्ध होताच विचार केला जाईल, असा शेरा मारून तो परत आला. वडिलांनी तो कागद वखारीतल्या मिस्त्रींना वाचून दाखवला. मिस्त्री म्हणाले, "बेटा, तू फक्त पायऱ्यांची उंची मोजून आण, बाकीचं मी पाहतो."

पुढचे काम मी डोळ्यांनी पाहिले. ट्रकमध्ये ओंडके चढवण्याच्या फळीच्या अंदाजाने त्यांनी प्रथम सहा फुटांचा उतार केला. वखारीच्या आवारात त्यावर खुर्ची घालताच ती अर्ध्यावरून मागे घरंगळली. मग लांबी वाढवीत वाढवीत, माझ्या एकटीच्या हातांच्या बळावर खुर्ची वर जाईपर्यंत, ते अठरा फुटांवर येऊन थांबले. एक इंच उंचीला बारा इंच लांबी, हे प्रमाण सरकारी निकषांतही आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पावसात चाके घसरू नयेत म्हणून फळ्यांवर रंधा न फिरवता आरीचे ओरखडे तसेच ठेवले, चाक काठावरून खाली जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना दोन इंचांची पट्टी ठोकली, आणि हातगाडीवरून नेता यावा म्हणून उतार तीन भागांत केला. मालकांनी लाकडाचे पैसे घेतले नाहीत.

तो उतार दाराशी लागल्यावर ग्रंथालयातून केव्हा निघावयाचे, हे मी ठरवू लागले. गुडघे दुखणारे एक वृद्ध प्राध्यापकही त्याच वाटेने ये-जा करू लागले, आणि अंध मैत्रिणीची काठी काठाच्या पट्टीवरून बरोबर दारापर्यंत जाई. पुढल्या वर्षी आमचा वर्ग तळमजल्यावर आला. दोन खोल्यांची अदलाबदल, यापलीकडे त्यास काहीच लागले नाही. प्रसाधनगृह मात्र मी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत तसेच राहिले.

२०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. राखीव जागा पाच टक्के झाल्या, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यास नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली गेली. ती २०२२ च्या जूनमध्ये संपली. त्याच वर्षी डिसेंबरात सीताबर्डी ते प्रजापतीनगर मेट्रो सुरू झाली. आज मी टेलिफोन एक्सचेंज स्थानकाच्या उद्वाहनाने वर जाऊन, कोणासही हाक न मारता शंकरनगरपर्यंत जाते. ज्या शहरास हे साधते, त्या शहरातील महाविद्यालयांत उतार बंद दाराशी जाऊन थांबतो आणि दिव्यांगांच्या प्रसाधनगृहात मोडकी बाके साठवलेली असतात, हे मला मुळीच क्षम्य वाटत नाही. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट सांगितले आहे. आता कुवतीची सबब उरलेली नाही.

प्राचार्यांना माझी विनंती आहे की, प्रवेश सुरू होण्यापूर्वी खुर्ची वापरणाऱ्या एका विद्यार्थ्यास बरोबर घेऊन फाटकापासून परीक्षागृहापर्यंत आणि तेथून प्रसाधनगृहापर्यंत एकदा टेप लावून यावे. आणि जे विद्यार्थी यंदा प्रवेश घेत आहेत, त्यांनी आपली मागणी तोंडी सांगू नये. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि उत्तर न आल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे दाद मागावी.