जयकरबाईंच्या शब्दाचं वजन

परवा एका सरकारी ऑफिसबाहेर रांगेत उभा होतो. समोरच्या कंपाउंडवर एक पोरगा वारली चित्रं काढत होता. जवळ जाऊन बघतो तर चक्क स्टेन्सिल! विचारलं, "वारली का रे तू?" तर म्हणाला, "नाय दादा, कॉन्ट्रॅक्टरकडे असतो."

तेव्हा पुपुल जयकर आठवल्या.

आजच्या पिढीला हे नाव फारसं माहीत नसेल. बाईंनी कधी निवडणूक लढवली नाही, मंत्री झाल्या नाहीत. पण इंदिरा गांधींच्या जुन्या मैत्रीण, त्यामुळे शब्दाला वजन. शिवाय नुसती ओळख नव्हती, अभ्यासही होता. खेड्यातली व्रतं, मातीचे देव, बायकांची भिंतीवरची चित्रं, यावर त्यांनी पुस्तक लिहिलंय.

1966-67 ला बिहारात दुष्काळ पडला. बाईंनी आपल्या भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीकडे धाडलं. तिथल्या बायका भिंतीवर जे काढत, ते कागदावर काढून विकायला लागल्या. दुष्काळात चार पैसे हातात आले. हेच कुलकर्णी पुढे डहाणूकडे आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं दिल्लीपर्यंत पोचली. एरवी लग्नाचा चौक सवासिणींनी लिहायचा. हा माणूस रोज चित्रं काढायला लागला. 2011 ला पद्मश्री झाला.

आता दुसरी बाजू. संस्कृतीचा सगळा कारभार एका मैत्रीवर चालतो, ही तक्रार तेव्हाही होती आणि ती खोटी नव्हती. आणीबाणीतही ती मैत्री टिकली, हेही विसरून चालणार नाही. कोणाची कला पुढे जाणार, हे बाईंची नजर कुठे पडते त्यावर ठरणार असेल, तर जिथे नजर पडली नाही त्यांनी काय करायचं?

ओळखीवर उभं राहिलेलं ओळखीबरोबरच जातं. इंदिराबाई 1984 ला गेल्या, जयकरबाई 1997 ला. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि तरी भिंत कॉन्ट्रॅक्टरचीच!

आता दिल्लीत कानाशी लागणारं कोणी नको, टेंडरमध्ये एक अट हवी: वारली चित्रं वारली चित्रकारांकडूनच, त्यांच्या नावासकट. या भिंतीचं काम कोणाला, किती पैशाला दिलं, यासाठी मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तुमच्या गावातही अशी भिंत असेल तर तुम्हीही टाका.