बरोबरीचा डाव

बुद्धिबळांत दोन्ही पक्षांस सैन्य सारखेंच मिळतें. भेद काय तो पहिल्या खेळीचा. त्या एका खेळीचें मोल किती, याचा प्रत्यय मला गतवर्षीं आंतरशालेय स्पर्धेच्या अखेरच्या फेरींत आला. पांढरीं मोहरीं मजकडे होतीं. पारितोषिकासाठीं मला पूर्ण गुण हवा होता. प्रतिस्पर्ध्यास अर्धा पुरेसा होता.

मीं वजिराच्या उंटापुढील प्यादें दोन घरें सारिलें. हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूनें १८४३ सालीं पॅरिस येथें सेंट-आमां या फ्रेंच खेळाडूविरुद्ध ही सुरुवात योजिली, म्हणून तिला ‘इंग्लिश’ हें नांव पडलें. प्रतिस्पर्ध्यानेंही तेंच प्यादें सारिलें. मीं घोडे काढिले, त्यानेंही काढिले. मीं राजाकडील उंट लांब कर्णावर बसविला, त्यानेंही बसविला. सहा खेळ्यांअंतीं दोन्ही राजे किल्लेकोटांत गेले आणि पटाच्या मध्यें जणूं आरसा धरिला आहे असें दिसूं लागलें. भोंवतालचीं मुलें ‘नक्कल, नक्कल’ म्हणून हंसूं लागलीं.

परंतु जी खेळी मला हितकर, तीच त्यालाही हितकर असेल, तर तिला नक्कल कां म्हणावें? शिवाय नकलेस मर्यादा आहेच. शह बसतांच ती संपते. ही समता मोडणें आतां माझें काम होतें. सातव्या खेळीस मीं वजिरापुढील प्यादें दोन घरें लोटिलें. येथें त्यानें माझें अनुकरण केलें असतें, तर पहिलें प्यादें मीं मारिलें असतें. त्यानें तें न करितां माझें प्यादें मारिलें. घोड्यांची कापाकापी होऊन माझा वजीर पटाच्या मध्यावर आला. तो भारदस्त दिसत होता खरा. पण काळ्या घोड्यामागें उंट दबा धरून बसला होता. घोडा हलतांच वजिरावर मारा! दहाव्या खेळीस वजीर एक घर मागें घ्यावा लागला, आणि पहिल्या खेळीची माझी पुंजी तेथें बरीचशी खर्ची पडली.

पुढें त्यानें वजिराकडील प्यादीं रेटून ती बाजू मोकळी केली. शेवटीं प्रत्येकाचा एक हत्ती आणि राजाच्या बाजूचीं चार प्यादीं उरलीं. पुन्हां आरसाच! बराच वेळ मार्ग शोधून मीं हात पुढें केला. पारितोषिक त्याला मिळालें.

वाचकहो, तो सहा खेळ्या माझ्यासारखा खेळला, पण सातवी स्वतःची खेळला. अनुकरण कोठें थांबवावें हें ज्यास कळतें, त्यास नकल्या म्हणणें अन्यायाचें होय.