नोंद न झालेली शर्यत

दिवाळीला आठवडा राहिला होता. चोपडीपूजनासाठी आणलेल्या नव्या वह्या टेबलावर होत्या. त्या २०२४ सालच्या ऑक्टोबरात एके सकाळी अमेरिकेतील शार्लट येथे राहणाऱ्या माझ्या नातवाचा फोन आला. इकडचे तिकडचे काही न विचारता तो म्हणाला, “आजोबा, तुमचा माणूस जिंकला.” कोणता माणूस, हे ध्यानात यायला मला क्षणभर वेळ लागला. बॉबी ॲलिसन या मोटार-शर्यतपटूच्या नावावर आजवर ८४ विजय मांडलेले होते. नॅसकार या संस्थेने आता ते ८५ केले. वाढलेला विजय ६ ऑगस्ट १९७१ या दिवसाचा होता. त्या रात्री मी तेथे प्रेक्षकांत बसलो होतो.

आमची इचलकरंजीला सुताची पेढी. मागाचा धंदा शास्त्रीय पद्धतीने शिकून यावा म्हणून आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला उत्तर कॅरोलिनातील रॅले येथील विद्यापीठात वस्त्रोद्योग शिकण्यासाठी पाठविले. त्या काळी परकीय चलन मिळविण्यासाठी किती खेटे घालावे लागत, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगावयास नको. तेथील एका वर्गमित्राचे घर विन्स्टन-सेलमच्या जवळ होते. ऑगस्टच्या एका शुक्रवारी त्याने मला शर्यत पाहायला नेले. जावे की नाही, असे माझे चालले होते. शर्यत म्हटली की पैज आली, असा आमच्या घरी समज. तेथे पैज नव्हती. होता तो केवळ कानठळ्या बसविणारा आवाज आणि जळलेल्या रबराचा वास. गावात शिरतानाच दुसरा एक वास नाकात शिरला होता, तो तंबाखूचा. विन्स्टन आणि सेलम ही दोन्ही नावे तेथे सिगारेटचीही होती, आणि ज्या स्टेडियमवर आम्ही चाललो होतो तेही एका तंबाखू कंपनीच्या अध्यक्षाच्या, बोमन ग्रे यांच्या, नावाचे होते. आमच्यासारख्याला अवघडल्यासारखे व्हावे असेच सारे. मी भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची एक पिशवी घेतली आणि मित्राच्या शेजारी जाऊन बसलो.

बोमन ग्रे स्टेडियम हे खरे म्हणजे फुटबॉलचे मैदान. त्याच्या कडेने पाव मैलाचा, म्हणजे सुमारे चारशे मीटरचा, सपाट डांबरी रस्ता फिरविला आहे. आपल्या शाळांच्या क्रीडा-महोत्सवात मुले धावतात तेवढेच अंतर. त्यात वीस-पंचवीस मोटारी एकाच वेळी सोडल्यावर सरळ धावायला जागा उरतेच कोठे? मोटारी सतत वळतच असतात आणि एकमेकींना घासत जातात. एकूण २५० फेऱ्या, साडेबासष्ट मैल. बिली आणि बॉबी मायर्स या तेथल्याच दोन भावांच्या स्मरणार्थ ही शर्यत होत असे. एक भाऊ १९५७ साली डार्लिंग्टनच्या शर्यतीत अपघातात गेला. दुसरा पुढच्याच वर्षी, याच बोमन ग्रेवर शर्यत चालू असताना, हृदयविकाराच्या झटक्याने.

त्या रात्रीचे वैशिष्ट्य असे की दोन वर्गांच्या मोटारी एकत्र धावणार होत्या. वरचा वर्ग ग्रँड नॅशनल: अवजड, लांबलचक मोटारी, सात लिटरपर्यंतची इंजिने. धाकटा वर्ग ग्रँड अमेरिकन: पाच लिटरची इंजिने आणि आखूड, हलक्या मोटारी. या धाकट्या मोटारींना अमेरिकेत ‘पोनी कार’ म्हणत, पोनी म्हणजे तट्टू. एप्रिल १९६४ मध्ये फोर्डने मस्टँग बाजारात आणली. लांब बोनेट, आखूड मागचा भाग, दोन दरवाजे आणि तरुण नोकरदाराला झेपेल अशी किंमत. मस्टँग हे रानघोड्याचे नाव, म्हणून तिच्या पाठोपाठ आलेल्या कॅमॅरो, फायरबर्ड, जॅव्हेलिन या सगळ्याच तट्टे झाल्या. रॅलेच्या रस्त्यांवर आम्हा विद्यार्थ्यांचे डोळे ज्या मोटारींमागे फिरत, त्या याच.

दोन वर्ग एकत्र का केले, याचे कारण व्यापाऱ्याला सहज कळावे. फोर्डने १९७० च्या अखेरीस शर्यतींतून अंग काढून घेतले होते आणि क्रायस्लरनेही हात आखडता घेतला होता. एका मोसमात ४८ शर्यती. छोट्या मैदानांवर बक्षीस तुटपुंजे, त्यामुळे मोठ्या मोटारींचे मालक तेथवर येण्याचा खर्च परवडेना म्हणत. धाकट्या वर्गातही मोटारी कमी पडत होत्या. अर्धी भरलेली दोन दुकाने एका छपराखाली आणावीत, तसा तो प्रकार.

रिचर्ड पेटी निळ्या प्लिमथमध्ये होता. तो तेव्हाच शर्यतींचा राजा समजला जाई, आणि सुरुवातीला पुढेही तोच होता. ॲलिसन एरवी मोठ्या मोटारी चालवी; त्या रात्री मात्र डेलावेअरमधील मेल्विन जोसेफ या बांधकाम ठेकेदाराच्या मस्टँगमध्ये बसला होता. सरळ रस्त्यावर प्लिमथ गर्जत पुढे जाई आणि वळणावर जड होऊन बाहेर सरके. मस्टँग आतल्या कडेला चिकटून वळण घेई. हे एकदा ध्यानात आल्यावर मला दुसरे काही दिसेना. शंभराहून जास्त फेऱ्या झाल्यावर केव्हातरी मस्टँग आतून पुढे निघाली, आणि मग अखेरपर्यंत तिला कोणी गाठले नाही. मी मित्राचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी त्याने वळ दाखविला. पहिला ॲलिसन, दुसरा पेटी. हजारो माणसांनी ते पाहिले.

खोलीवर परतल्यावर मी आण्णांना पत्र लिहिले. अभ्यासाबद्दल चार ओळी, शर्यतीबद्दल दोन पाने.

पुढे केव्हातरी मित्राने अधिकृत तक्ता दाखविला. ॲलिसनच्या विजयांत त्या रात्रीचा विजय धरलेला नव्हता. म्हणे मोटार धाकट्या वर्गाची, म्हणून वरच्या वर्गाचा विजय त्याला देता येत नाही. बरे, मग दुसऱ्या आलेल्या पेटीला द्यावा, तर तोही नाही. शर्यत झाली, निकाल लागला, आणि विजेता कोणीच नाही! याहून विचित्र म्हणजे त्याच वर्षी हिकरी आणि नॉर्थ विल्क्सबरो येथे अशाच एकत्रित शर्यती झाल्या. त्या टायनी लंडने कॅमॅरोमधून जिंकल्या आणि त्याच्या नावावर नीट चढल्या. ‘टायनी’ म्हणजे इवलासा. माणूस मात्र आडदांड होता. तट्टावर बसून त्याने मिळविलेले दोन विजय जमेला आणि ॲलिसनचा मात्र नाही, हा हिशेब मला कधी पटला नाही. सुट्टीत घरी आलो तेव्हा आण्णांना विचारले. ते म्हणाले, “वहीत नाही म्हणजे त्यांचे काहीतरी कारण असेल. वही उगाच खोटे बोलत नाही.” आण्णांचा शब्द मी तेव्हा प्रमाण मानला. ॲलिसन मात्र पुढली सारी वर्षे आपले विजय ८५ च सांगत राहिला.

येथे माझ्या पेढीची एक गोष्ट लिहिणे भाग आहे, आजवर ती मी घराबाहेर बोललेलो नाही. आण्णांच्या पश्चात व्यवहार माझ्याकडे आल्यावर चार मागांचा एक लहान कारखानदार दुकानी आला. खतावणीत त्याच्या नावे बाकी दिसत होती. तो म्हणाला, “शेठ, आण्णांच्या हातात दिलेत मी.” पावती त्याच्याजवळ नव्हती. मी वही त्याच्यासमोर फिरविली आणि आण्णांचेच वाक्य त्याला ऐकविले. तो काही बोलला नाही. तीन हप्त्यांत त्याने ती रक्कम पुन्हा भरली आणि नंतर सूत दुसरीकडून घेऊ लागला. पुष्कळ वर्षांनी जुनी पेढी रिकामी करताना दिवाणजींना रोजमेळात ती जमा सापडली, त्याच तारखेची, आण्णांच्याच अक्षरातली. खतावणीवर ओढताना ती त्याच आडनावाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्यात गेली होती. तोवर तो गृहस्थ वारला होता. मी व्याजासह रक्कम घेऊन त्याच्या मुलाकडे गेलो. मुलाने पाकीट घेतले, चहा दिला आणि म्हणाला, “तात्या जाईपर्यंत म्हणत होते, मी दिलेत म्हणून.” मी मान खाली घालून चहा प्यालो.

ॲलिसनच्या पुढच्या आयुष्याबद्दल नातवाने मला बरेच वाचून दाखविले आहे. १९८३ साली तो अजिंक्य ठरला. १४ फेब्रुवारी १९८८ रोजी, पन्नासाव्या वर्षी, त्याने डेटोनाची सर्वांत मोठी शर्यत जिंकली, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला तो त्याचाच मुलगा डेव्ही. बापाला याहून मोठे सुख कोणते असेल? चारच महिन्यांनी पोकोनो येथे अपघात झाला, डोक्याला जबर इजा झाली. जीव वाचला, स्मृती मात्र फाटली. मुलासह गाठलेली ती डेटोनाची रेषा त्याला कधीच आठवली नाही; लोक सांगत, चित्रफीत दाखवीत, तेवढीच काय ती त्याच्याजवळ. पुढे १९९२ मध्ये धाकटा मुलगा क्लिफर्ड शर्यतीच्या सरावात गेला, आणि १९९३ मध्ये डेव्ही हेलिकॉप्टरच्या अपघातात.

जी शर्यत साऱ्या वह्यांत ठळक अक्षरांत होती, ती त्याच्या मनातून पुसली गेली. आणि विन्स्टन-सेलमची ती रात्र वहीत नव्हती, तरी तिच्यावरचा हक्क त्याने त्रेपन्न वर्षे सोडला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला याव्यात, याचा मी अनेक रात्री विचार केला आहे. त्याचा विजय खोडला गेला त्यात कोणाची दुष्ट बुद्धी होती, असे मला वाटत नाही. नियमाचे कलम होते, कारकुनाची रेघ होती, आणि ती पुन्हा उघडून पाहायची कोणाला घाई नव्हती. आमच्या पेढीवर तरी याहून वेगळे काय झाले होते?

संस्थेने ती रेघ दुरुस्त केली तेव्हा ॲलिसन ८६ वर्षांचा होता. ही वार्ता त्याला जिवंतपणी कळली. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी तो वारला. ८५ विजयांचे धनीपण जगासमोर त्याला सतरा दिवस मिळाले.

नातवाने फोन ठेवल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून घेतली. आण्णा आलेली प्रत्येक टपाल तारेला टोचून ठेवीत. माझे १९७१ चे पत्र सापडले. मधोमध तारेचे भोक, कडा पिवळ्या. ‘पहिला ॲलिसन, मस्टँग; दुसरा पेटी, प्लिमथ’ अशी माझी ओळ होती, आणि तिच्या बाजूला समासात आण्णांनी, हिशेब तपासून झाल्यावर ते करीत तशी, शिसपेन्सिलीची बारीकशी खूण केलेली होती.