कार्डाची मागची बाजू

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाची एक समजूत असते, की जगातली कुठलीही गोष्ट रकान्यांत बसवता येते. बी.कॉम. होताना ही समजूत जडते, ती निवृत्तीपर्यंत सुटत नाही. आमच्या डॉक्टरांना संगणकावर आणायला मी निघालो, तो याच समजुतीच्या भरात.

निमित्त झालं आमच्या बाबांचं. एका रात्री त्यांना ताप भरला, लघवी अडली आणि कारंज्याहून थेट अमरावती गाठावी लागली. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, “कुठल्या औषधाची ॲलर्जी?” मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “वांगं सोसत नाही त्यांना.”

“आजवर औषधं कोणती घेतली?”

“पांढऱ्या गोळ्या. अन् एक गुलाबी, अर्धी.”

शेवटी रात्री अडीच वाजता आमच्या डॉक्टरांना फोन लावला. मी मोजत होतो, अकरा वेळा घंटी वाजली. मग घोगरा आवाज आला, “सल्फा देऊ नका म्हणावं. चौऱ्याण्णव साली अंगभर फोड आले होते.” आणि फोन बंद. आपण कोण बोलतोय हेसुद्धा मी सांगितलं नव्हतं!

बाबा चार दिवसांनी घरी आले. पण त्या अकरा घंट्या माझ्या डोक्यातून जाईनात. डॉक्टर आता शहात्तरचे आहेत. बाबांची ॲलर्जी त्यांच्या डोक्यात, आणि ते डोकं उशीवर.

म्हणून एका रविवारी मी दवाखान्यात जाऊन ‘आभा’चा विषय काढला.

“कोणाची मुलगी?” डॉक्टरांनी विचारलं.

मग मी काउंटरवर समजावतो तसं समजावलं. २७ सप्टेंबर २०२१ ला ही योजना देशभर सुरू झाली. प्रत्येकाला चौदा आकडी नंबर. कागद ज्याचे त्याच्याकडेच राहतात, पण पेशंटनं संमती दिली की दुसऱ्या गावचा डॉक्टर ते पाहू शकतो. “आमच्या कोअर बँकिंगसारखं हो! खातं कारंज्याचं, पैसे काढा अमरावतीला.”

“हो, अन् तुमचं ते सुरू झालं तेव्हा तीन आठवडे ‘सिस्टीम डाउन आहे’ म्हणून मला परत पाठवत होतास,” डॉक्टर म्हणाले. माणसाची स्मरणशक्ती इतकीही चांगली असू नये.

पुढे त्यांनी हरकती सांगितल्या. सकाळी पन्नास-साठ पेशंट. त्यांची नाडी धरू की की-बोर्ड? वीज गेली की काय? आणि टाइप कोण करणार, कंपाउंडर? तो ‘कोंबडा खोकला’ लिहितो त्यात ‘कोंबडा’ कुठे आणि खोकला कुठे, हे त्यालाच ठाऊक. मी म्हटलं, “बरं. पण गुरुमंदिरात दर्शनाला आलेला पुण्याचा माणूस इथे चक्कर येऊन पडला, तर त्याचं कार्ड तुमच्या डब्यात आहे का?”

डॉक्टर गप्प झाले. म्हणाले, “हे मात्र खरं आहे.”

मी जिंकलो असं वाटलं, तेवढ्यात त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. या डब्यांत आमचं अख्खं गाव आहे, आडनावाप्रमाणे नाही, गल्लीप्रमाणे. त्यांनी माझंच कार्ड काढलं आणि उलटं केलं. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘पोटदुखी. उद्या बुक-कीपिंगचा पेपर. पेपरमिंटची गोळी दिली. आराम.’

“ही गोळी कोणत्या रकान्यात टाकतोस?”

मग एक दुसरं कार्ड त्यांनी काढलं, नावावर अंगठा ठेवला, आणि मागच्या चार ओळींवर सबंध तळहात. “ही बाई माझ्याकडे डोकेदुखीसाठी येते. डोकं का दुखतं ते इथं लिहिलं आहे. हे अमरावतीच्या पोरानं वाचायचं?”

“तिच्या संमतीशिवाय नाही ना वाचता येत! संमती ती ठराविक दिवसांपुरती देऊ शकते, परतही घेऊ शकते.”

“संमती! तुझ्या बँकेच्या फॉर्मवर लोक वाचून सही करतात?”

आता मी काय बोलणार? एवढी वर्षं माझं काम तेच. पेन्सिलीनं फुल्या मारायच्या आणि म्हणायचं, “इथे, इथे आणि इथे.” कोणी वाचायला लागलंच, तर मागची रांग ओरडते.

तडजोड झाली ती अशी : कार्डाची पुढची बाजू जाईल, मागची डब्यात राहील. सुरुवात बाबांपासून. नंबर काढायला बसलो, तर त्यांच्या आधारला मोबाइल माझ्या भावजींचा. ओटीपी नागपूरला गेला आणि भावजी लग्नाच्या पंगतीत. दुपारभर वाट पाहून अखेर ओटीपी मिळाला. मी टाइप करत होतो, डॉक्टर स्वतःचंच अक्षर चष्मा वर-खाली करत वाचत होते. सल्फाची ओळ त्यांनी माझ्याकडून दोनदा तपासून घेतली.

जाताना मी म्हटलं, “माझं कार्ड पुन्हा दाखवा बरं. त्या पेपरमिंटच्या खाली अजून दोन ओळी दिसल्या. अलीकडच्या वाटल्या.”

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. “उद्या सकाळी उपाशीपोटी ये,” म्हणाले, “अन् बायकोला सोबत आण.”