प्रिंटरचा पत्ता

भोसरीत माल आधी कागदावर हलतो, मग टेंपोत. चलन नसेल तर गेटवरचा सिक्युरिटी गाडी आत सोडत नाही, आतली लाइन थांबायची वेळ आली तरी. नव्वदच्या दशकात एमआयडीसीतल्या एका जॉबवर्कच्या शेडमध्ये मी बिलिंगला लागले. पुढे लेथ आणि मिलिंग, मागे प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेलं ऑफिस, आणि त्यात अर्धं टेबल अडवून बसलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.

एक्साइजचे दिवस होते. कंपनीकडून मशिनिंगला कास्टिंग यायचं ते ‘५७ एफ ४’च्या चलनावर, आणि त्यातला एकेक नग परत जाताना हिशेबात बसावा लागायचा. एका चलनाच्या तीन-चार प्रती. कागदाच्या दोन्ही कडांची भोकं प्रिंटरच्या दातांत बसवायची, मग पिना रिबनवर आपटत आणि कार्बनमधून अक्षर तळातल्या प्रतीपर्यंत उतरायचं. एखादी पिन मोडली की सगळ्या अक्षरांच्या अंगातून पांढरी रेघ जायची. ती घेऊनच महिना निघायचा. पुढे लेझर प्रिंटर आले, पण शेडमधून हा हलला नाही. लेझर कागदावर आपटत नाही, म्हणून कार्बनखाली त्याचं काही चालत नाही. आजही चाकण रोडच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात तो करकर आवाज ऐकू आला की मी नकळत थबकते.

त्या प्रिंटरची केबल बोटाएवढी जाड. कॉम्प्युटरच्या बाजूला दोन स्क्रू, प्रिंटरच्या बाजूला दोन तारेच्या क्लिपा. प्रिंट आली नाही की केबल दाबून बघायची. संशय घ्यायला जागाच तेवढी होती.

आता मी मोशीच्या फ्लॅटमधून कुरुळी आणि महाळुंग्याच्या दोन-तीन लहान युनिट्सची बिलं, चलनं आणि जीएसटी बघते. प्रिंटर आतल्या खोलीत, राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती. प्रिंटरला कीबोर्ड नाही, म्हणून पासवर्ड टाकायची सोय नाही. राउटरवरचं डब्ल्यूपीएसचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचंही. निळा दिवा लुकलुकतो, मग स्थिर होतो. शिवाय माझ्याकडच्यासारखे साधे घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. ती लहर भिंतींतून बरी जाते, पण सोसायटीतल्या प्रत्येक घराचा राउटर तिथेच गर्दी करतो. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटर स्वतःहून बाराव्या-तेराव्या चॅनलवर गेला तर काही प्रिंटरांना तो दिसतच नाही.

पण खरा त्रास वेगळा. गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी, आणि लाइनची दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी. वीज जाऊन आली की कॉम्प्युटर सांगतो, प्रिंटर ऑफलाईन. प्रिंटर तर समोर दिवा लावून बसलेला!

याचं कारण मला चटकन पटलं, कारण आम्ही तसेच राहिलो होतो. लातूरहून आल्यावर लांडेवाडी, मग दिघी रोड, मग इंद्रायणीनगर. दर खोलीचा करार अकरा महिन्यांचा. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कितीही मुदतीला सक्तीची केली, तरी अकराची सवय काही सुटली नाही. राउटरही असाच घरमालक आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता ठरावीक मुदतीच्या भाड्याने देतो. वीज येऊन तो पुन्हा उठला की बऱ्याचदा जुनी वही कोरी झालेली असते आणि जो आधी दारात येईल त्याला आधीची खोली. टीव्ही किंवा फोन प्रिंटरच्या जागी जाऊन बसतो, आणि कॉम्प्युटर जुन्याच दारावर टकटक करत राहतो. दिघी रोड सोडल्यावर कितीतरी दिवस गावाकडची पत्रं तिथल्याच मालकाकडे पडून असायची, तसंच हे. आणि प्रिंटरच्या सेटिंगच्या कागदावर १६९.२५४ने सुरू होणारा आकडा छापून आला तर समजायचं की त्याला मालक भेटलाच नाही, पत्ता त्याने मनानेच घेतलाय.

उपाय आहे आणि एकदाच करायचा आहे. प्रिंटरच्या त्याच कागदावर मॅक ॲड्रेस असतो, बारा अक्षर-आकड्यांचा, कारखान्यातूनच मिळालेला. राउटरच्या पानावर जाऊन त्या मॅकला एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा आणि कॉम्प्युटरला तोच द्यायचा. मी राउटर बसवणाऱ्या मुलाला हे करायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “काकू, बंद करून चालू करा ना, होतंय.” होतं, पण पुढच्या गुरुवारपर्यंत. शेवटी मीच केलं.

धाकटी म्हणते, आई, एवढा कागद कशाला? ई-वे बिलापुरतं तिचं कायद्याने बरोबर आहे. गाडीवाल्याने ई-वे बिलाचा नंबर मोबाइलवर दाखवला तरी नियमाला चालतं. गेटचं मात्र वेगळं आहे. तिथे चलनावर इनवर्डचा शिक्का लागतो आणि तो मोबाइलच्या काचेवर उठत नाही. शिक्का नाही तर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद नाही, जीआरएन नाही तर बिल अडकलं. लहान युनिटवाल्याचं पगार-पाणी त्या बिलावर असतं.

त्यामुळे धाकटीचे प्रोजेक्ट, आधारच्या प्रती, शेजारच्या काकांची तिकिटं हे सगळं वाय-फायवर. चलनं काढायच्या कॉम्प्युटरला मात्र, पत्ता पक्का करूनही, मी यूएसबी केबल लावलीय. कुरुळीच्या युनिटचा मुलगा फर्स्ट शिफ्टला जाताना गाडी चालू ठेवूनच खाली उभा असतो, आणि नाशिक हायवेवर स्पाइन रोडच्या चौकात जाम लागायच्या आत त्याला निघायचं असतं.