ड्युटीवरची सिस्टर आणि कायदा

आजचा लेख एखाद्या आजारावर नाही. पण तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी कधी ना कधी दवाखान्यात भरती होणारच आहे, म्हणून हा विषय तुमचाही आहे: परिचारिकेची, म्हणजे आपल्या सिस्टरची, कायदेशीर जबाबदारी.

भंडारा जिल्ह्यात हा विषय निघाला की ९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवतेच. जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात (एसएनसीयू) रात्री दीडच्या सुमारास आग लागली. कक्षात १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. काही भाजून, पण बहुतेक धुराने गुदमरून.

त्यानंतर कित्येक दिवस माझ्या ओपीडीत येणारे लोक आधी एकच विचारायचे, "डॉक्टरसाहेब, सिस्टर कुठं होत्या जी त्या टायमाले?" प्रश्न रास्त होता. एसएनसीयूमधलं बाळ रडून कुणाला बोलावू शकत नाही. आईही जवळ नसते. तिथे बाळाचा कान आणि डोळा म्हणजे सिस्टरच. पण मला वाटायचं, या प्रश्नाला जोडून आणखी दोन-चार प्रश्न यायला हवेत. आज तेच मांडतो.

सिस्टरची स्वतःची जबाबदारी असते का?

हो. "डॉक्टरांनी सांगितलं, मी केलं" एवढ्यावर तिची सुटका होत नाही. परिचारिका हा नोंदणीकृत व्यवसाय आहे. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. आपल्या राज्यात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आहे. राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणी नर्स म्हणून काम करू नये, आणि गैरवर्तन झालं तर परिषद ती नोंदणी काढून घेऊ शकते.

तिच्याकडून अपेक्षित काय? औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ या पाच गोष्टी तपासणं. डॉक्टरचा आदेश शंकास्पद वाटला तर विचारणं. रुग्ण बिघडतोय असं दिसलं की लगेच कळवणं. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सगळं सोपवून मगच निघणं. आणि नोंद करणं. मी शिकत असताना वॉर्डातल्या एक ज्येष्ठ सिस्टर नव्या मुलींना सांगायच्या, "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही." कोर्टातही नेमकं हेच विचारलं जातं.

एसएनसीयूचं उदाहरण घ्या. बाळाला ऊब देणाऱ्या रेडियंट वॉर्मरची एक वायर बाळाच्या अंगाला चिकटवलेली असते. ती निघाली तर बाळ थंड पडलंय असं समजून मशीन आणखी तापत जातं. म्हणून सिस्टरने ठराविक वेळाने बाळाचा ताप स्वतः मोजायचा असतो. मशीन आहे म्हणून लक्ष काढून घेता येत नाही.

मग चूक झाली की लगेच गुन्हा?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं की उपचारात फौजदारी गुन्हा ठरायला साधी चूक किंवा अंदाज चुकणं पुरेसं नाही, निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर हवा. त्या जागी, त्या परिस्थितीत एक सामान्य, जबाबदार व्यावसायिक काय करू शकला असता, हे मोजमाप आहे. "त्या परिस्थितीत" हे शब्द महत्त्वाचे.

भंडाऱ्याच्या चौकशीनंतर आरोग्यमंत्र्यांनी जे सांगितलं, त्यानुसार आगीची सुरुवात वॉर्मरच्या विद्युत बिघाडातून झाली होती. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जण निलंबित झाले, काही कंत्राटी परिचारिकांची नोकरी गेली. फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा, कलम ३०४ चा गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. तिथेही आधी अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना.

कक्ष सोडून जाणं ही गंभीर बाब आहे, त्याची चौकशी व्हायलाच हवी. पण धूर ओळखणारी यंत्रणा बसवणं, वायरिंग तपासून घेणं, फायर ऑडिट करून घेणं, दुसरं दार मोकळं ठेवणं, आग विझवायचं शिकवणं हे सिस्टरच्या हातात नसतं. एसएनसीयूमध्ये प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक नर्स हवी, असा सरकारचाच निकष आहे. तेवढ्या नर्स नेमणंही तिच्या हातात नसतं. ते संस्थेचं काम आहे.

न्यायालयंही हे मानतात. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज खटल्यात नर्सने दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनमुळे एका मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. भरपाई रुग्णालयाला द्यावी लागली. नर्स नेमली कुणी, तिच्यावर देखरेख कुणाची, हे न्यायालयाने पाहिलं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आणखी एक फरक आला आहे. कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसं घडलं तर कमाल दोन वर्षं. पण ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांनाच आहे. नर्सचं नाव त्या नोंदवहीत नसतं. एकाच खाटेशेजारी उभ्या असलेल्या दोघांना दोन मापं. डॉक्टर असूनही मला हे पटत नाही.

तुम्ही काय करू शकता?

- इंजेक्शन देण्याआधी "सिस्टर, हे कशाचं आहे?" असं जरूर विचारा. चांगल्या सिस्टरला याचा राग येत नाही.
- आधी कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली असेल तर स्वतःहून सांगा.
- रात्रपाळीत किती रुग्णांमागे किती सिस्टर आहेत, आग लागल्यास बाहेर कुठून पडायचं, हेही विचारा.
- तक्रार असेल तर इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन, मग शल्यचिकित्सक किंवा रुग्णालय प्रमुख, अशा क्रमाने लेखी द्या आणि पोच घ्या.
- उपचाराच्या कागदपत्रांची मागणी लेखी करा. ७२ तासांत प्रत द्यावी असा नियम आहे.
- हात उगारू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तुमची खरी तक्रार मागे पडते ती वेगळीच.

सिस्टर कुठे होत्या, हे विचाराच. पण त्याच दमात हेही विचारा की त्या किती जणी होत्या, त्यांच्याकडे किती बाळं होती आणि त्या कक्षाची वायरिंग शेवटची कुणी तपासली होती. या प्रश्नांची उत्तरं मागितली गेली नाहीत, तर सिस्टर बदलतील आणि कक्ष तसाच राहील.