मी नसताना

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आला आणि कुत्र्यांना शिकवताना शाबासकीसाठी दाबायच्या क्लिकरवर माझा क्लिक उशिरा पडू लागला. उशीर अर्ध्या सेकंदाचाच. पण तेवढ्यात कुत्रं चप्पल सोडून पुन्हा धरतं आणि शाबासकी पडते ती धरण्याला. तीस वर्षं मी या हातावर मिरवले.

माझा एक हातखंडा होता. कुत्र्यासमोर कोल्हापुरी ठेवायची. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं ते कातडं, त्याच्या वासापुढे भलीभली कुत्री टिकत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं चपलेकडे बघायचं, मग माझ्याकडे बघायचं आणि तोंड फिरवून बसायचं. घरची माणसं अवाक व्हायची. त्या क्षणाची मला चटक होती, हे आता लपवत नाही. त्यासाठी मी लांबलांबची कामंसुद्धा घेतली.

मग काम आलं कोथरूडच्या एका देशी कुत्रीचं. लॉकडाऊनमध्ये पिल्लू म्हणून घरात आली, म्हणून एकटेपणा तिला ठाऊकच नव्हता. मालकीणबाईंचं हिंजवडीचं ऑफिस पुन्हा सुरू झालं आणि सागवानी दाराची चौकट खालून दीड फूट कुरतडून निघाली. मी गेले, कोल्हापुरी ठेवली, मग लाकडी ठोकळा ठेवला. पंधरा दिवसांत कुत्री माझ्यासमोर आदर्श वागू लागली. मी पैसे घेतले. आठवड्याने फोन आला: चौकटीत अडकून तिचा वरचा सुळा मुळापासून तुटला होता.

माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते. ती म्हणाली, “ताई, आपण असताना ती चावतच नाही. मग आपण तिला शिकवलं काय?” मी चिडले. तिने काही न बोलता त्या घरात एक मोबाईल कपाटावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू करून.

ते चित्रण मी किती वेळा पाहिलं असेन! लॅच लागतं. कुत्री दाराशी जाते, कान लावते. चाळीस सेकंदांनी धापा. दुसऱ्या मिनिटाला लाळ, फरशीवर थारोळं. मग ती दाराला पंजे मारते आणि त्यानेही भागेना तेव्हा दात लावते. सोफा तिथेच होता, उशा होत्या, चपलांचा रॅक उघडा होता. तिने कशालाही तोंड लावलं नाही. ज्या फटीतून माणूस गेलं, तिथेच ती चावत राहिली. मी तिला वस्तू सोडायला शिकवत होते आणि तिला वस्तू नकोच होती.

पिल्लांचं निराळं. अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांपर्यंत, हिरड्या शिवशिवतात. ओला फडका गोठवून द्या, गाजर द्या, चपला उचलून ठेवा, निभतं. त्या कामाबद्दल मला लिहायचं नाही. मला छळतं ते हे, दार लागल्यावर सुरू होणारं. मी खोलीत असेपर्यंत ते घडतच नाही. मग ते दुरुस्त कसं करायचं?

“तिला कळतं हो तिची चूक, बघा कशी मान घालते,” असं मालकीणबाई म्हणाल्या तेव्हा मीही मान डोलावली होती. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2009 सालचा प्रयोग मी वाचलेला होता, तरीही. ओशाळलेला चेहरा कुत्र्याने आगळीक केली की नाही यावर ठरत नाही, मालक रागावला की नाही यावर ठरतो, असं त्यात दिसलं. म्हणजे संध्याकाळी परतल्यावरचं मालकीणबाईंचं रागावणं तिच्या वाट्याला दुसरी भीती म्हणून येत होतं. मी ते थांबवलं नाही.

तरी चोक चेन आणि विजेचे पट्टे घेऊन हिंडणाऱ्यांना मी माफ करणार नाही. ‘तुम्ही अल्फा व्हा’ असं अजूनही छातीठोक सांगतात. ही कल्पना पिंजऱ्यातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली, शेंकेल या संशोधकाच्या 1947 च्या लेखातून. ज्याच्या पुस्तकाने ती जगभर गेली, तो डेव्हिड मेकच पुढे ते छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. विजेचे पट्टे वेल्सने 2010 मध्ये बंद केले. आपल्याकडे ते घरपोच मिळतात. घाबरून दार चावणाऱ्या जिवाला वर झटका द्यायचा? माझे गुरू मेरठला लष्करी कुत्री सांभाळून निवृत्त झालेले. आवाज चढवायचे, पण घाबरलेल्या कुत्र्यावर कधीच नाही.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शिकवणी चालू असेतो तिला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही, म्हणून शेजारच्या आजी दिवसभर येऊन बसू लागल्या. किल्ल्यांचा जुडगा हातात घ्यायचा आणि चहा करायला जायचं. पर्स खांद्याला लावायची आणि पेपर वाचत बसायचं. मग दार उघडून लगेच मिटायचं. मग बाहेर दोन सेकंद. पाच. तीन. आठ. रोज वाढवत नेलं तर तिला चढण कळते, म्हणून मध्येच कमी करायचं. एका मिनिटापर्यंत पोचायला एकवीस दिवस लागले. त्या एकवीस दिवसांत बघण्यासारखं काहीही घडलं नाही. अवाक व्हायला कुणी नव्हतं आणि खरं सांगते, मला ते जड गेलं. पहिल्या आठवड्यात दोनदा मी घाई केली, वीस सेकंदांवरून थेट दोन मिनिटं. दोन्ही वेळा फरशीवर लाळ दिसली आणि मुलीने वहीत मुकाट्याने पुन्हा पाच सेकंद लिहिले.

गेल्या मंगळवारी आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसलो होतो. क्लिकर मुलीच्या पिशवीत होता. दाराच्या या बाजूला त्याचा उपयोग नव्हता. अंगठा ठणकत होता, तो मी दुसऱ्या हाताने दाबून धरला होता. नवव्या मिनिटाला कुत्री दारापासून उठली आणि गादीवर गेली. अकराव्याला लिफ्टचं दार वाजलं. तिने मान वर केली, दाराकडे बघितलं. मुलीने माझा हात धरला. कुत्रीने एक लांब सुस्कारा सोडला आणि नाक शेपटीत खुपसलं.

“उठायचं का, ताई?”

“थांब,” मी म्हणाले, “आजच्याला एवढं पुरे. पण ती झोपलेली असतानाच आत जाऊ.”